शफीकभाईंनी उघडलेले डोळे

माझ्या आईचा एकच फोटो आहे आणि तो ती गेल्यानंतर काढलेला आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. १९५९ साली अमरावतीत आमच्या वस्तीतल्या कुठल्या बाईचा जिवंतपणी फोटो निघाला होता, सांगा पाहू? लग्नात निघत नसे, बाळंतपणात तर प्रश्नच नाही. माणूस गेलं की घरच्यांना एकदम आठवण यायची की, अरे, आता हिचं तोंड कुठं पाहायचं? मग कोणीतरी सायकल काढून जवाहर गेटाजवळच्या किसनराव फोटोग्राफरला घेऊन यायचं.

किसनराव तिपाईचा कॅमेरा घेऊन आले. आईला पांढरं लुगडं नेसवून भिंतीला टेकून बसवलं होतं. मान कलंडू नये म्हणून माझी आत्या दुर्गाबाई मागून दोन्ही खांदे धरून बसली. किसनराव काळ्या फडक्यात शिरले आणि सवयीनं म्हणाले, "हलू नका." कोणी हसलं नाही. जाताना त्यांनी बाबांना सांगितलं, "आठ दिवसांनी या. डोये उघडून ठेवतो."

हे त्या धंद्यातलं बोलणं होतं. दुकानात तशी पाटीच लावलेली होती, 'मयताच्या फोटोचे डोळे उघडून मिळतील'. हे काम किसनराव स्वतः करत नसत. मागच्या खोलीत शफीकभाई नावाचे रंगारी बसत, ते करत.

आठ दिवसांनी फोटो आला. आत्याचे हात नाहीसे झाले होते, त्या जागी पदराच्या चुण्या आल्या होत्या. काम इतकं सफाईचं होतं की आत्या बराच वेळ काचेवर बोट फिरवत स्वतःचे हात शोधत बसली. आईच्या ओठांना फिका गुलाबी रंग होता, गळ्यात काळी पोत होती आणि डोळे उघडे होते.

पण ते डोळे आईचे नव्हते.

माझी आई पंचफुला कापसाच्या जिनात सरकी झोडणारी बाई. कोणतीही गोष्ट पारखताना तिचा डावा डोळा बारीक व्हायचा. भाजी असो, माणूस असो, माझं प्रगतिपुस्तक असो. त्या डोळ्याला वस्तीतले दारुडे घाबरत, बाबा घाबरत आणि मी तर घाबरतच असे. ताटावर बसलं की तो डोळा बारीक करून ती विचारायची, "हात धुतले?" धुतले असले तरी मी उठून पुन्हा धुऊन येई. फोटोतले डोळे मोठे, गोल आणि जरासे वर वळलेले होते. समोर उभ्या असलेल्याच्या तोंडाकडे ते बघत होते, काहीतरी मागत असल्यासारखे. माझ्या आईनं जन्मात कोणाकडे काही मागितलं नाही.

मी तेव्हा कचेरीत नकलनवीस होते. मॅट्रिक होऊन सरकारी नोकरीला लागलेली वस्तीतली पहिली मुलगी, त्यामुळे मला शिंगं फुटली होती हे कबूल. पण कामाची मी पक्की होते. जुन्या कागदाची नक्कल करून खाली 'अस्सलबरहुकूम' असं लिहायचं आणि एक काना इकडचा तिकडे झाला तर साहेबांनी कागद तोंडावर फेकायचा, अशी ती नोकरी. असली नजर घेऊन मी आईचा फोटो पाहिला आणि माझं डोकं फिरलं.

मी तरीही गप्प बसले असते. बाबांमुळे बसता आलं नाही.

बाबा, म्हणजे डोमाजी, कापूस बाजारात हमाली करत. छप्पन साली दीक्षा घेऊन आले त्या आठवड्यात घरातले सगळे देव त्यांनी नदीत सोडले होते. मोकळ्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, बाबासाहेबांची आली आणि आता तिसरी आईची. फोटो टांगला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर त्याच्याखाली चहाचा कप.

"बाबा, हे काय? देव काढले आन् आता मायले निवद?"

"निवद नोहे व," बाबा म्हणाले. "ती मांगून राहिली ना."

"काय मांगून राहिली?"

"थे समजत नाई. चहा असन."

आई जिवंत असताना या माणसानं तिला कधी पाण्याचा पेला हातात दिला नव्हता. मी आतून पेटले. चहानं काम झालं नाही. मग भाकरी ठेवून झाली, पेरू ठेवून झाला, तिच्या आवडीचा ठेचा मी करत नाही म्हणून आत्याकडून मागवून ठेवला. थंडी पडली तशी फोटोला शाल पांघरली. ती शाल रोज ते काढायचे, डोळ्यांकडे बघायचे आणि म्हणायचे, "अजून मांगतेच." बाजारातून आले की खाट तिकडे ओढून बसायचे. दोन पोती पाठीवर घेणारा माणूस, त्याच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. "बत्तीस साल संग राहिलो," ते म्हणाले, "आन् तिले काय पायजे थे मले सांगता येत नाई." खरं सांगते, मलाही त्या भिंतीकडे पाठ करून बसवत नसे. कचेरीत काम करता करता मानेवर ते डोळे लागायचे.

हे डोळे बदलले नाहीत तर बाबाही जाणार, असं माझ्या मनानं घेतलं. फोटो कापडात बांधून मी एका रविवारी दुकानात गेले.

शफीकभाई वलगावचे. रोज सायकलनं येत. चाळिशीचा, वाळका, खाली मान घालून बोलणारा माणूस. लहानपणी टांग्यांच्या पाठीवर फुलं काढायचे, मग बैलगाड्यांवर नावं, मग दुकानांच्या पाट्या, असं करत करत ते किसनरावांकडे आले होते. भिंग दोऱ्यानं कपाळाला बांधलेलं, समोर रंगाच्या वाट्या आणि खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला. त्याला टोक असं की डोळ्यातला पांढरा थेंब एका टिंबात बसावा. अमरावतीत, नांदगाव खंडेश्वरला, पार अकोल्यापर्यंत भिंतीभिंतींवर त्यांनी उघडलेले डोळे होते.

मी फोटो त्यांच्यापुढे आपटलाच. "हे डोये कोनाचे हायेत?"

"तुमच्या आईचे, बाई."

"तुमी पाहेली होती का माही माय?"

"नाई पाहेली. मी बंद डोयेच पाहतो. उघडे कशे होते थे घरच्यांनी सांगा लागते. तुमच्याकडून कोनी काई सांगतलं नाई. आता सांगा, मी करून देतो."

 चाळीस पानांचा दस्त मी एक चूक न करता उतरवत असे, पण आईचे डोळे कसे होते ते मला सांगता येईना. "तिखट होते," मी म्हणाले. "डावा बारीक करून पाहे."

"किती बारीक?"

"आता किती म्हंजे!"

चार रविवार मी तिथं जाऊन बसले. एका कागदाच्या कपट्यावर ते डोळ्यांची जोडी काढत, मी नाही म्हणे, ते दुसरी काढत. दर वेळी डावा डोळा बारीक करायला घेत आणि हात सरळ होता होता तेच मोठे, वर बघणारे डोळे कागदावर येत. चौथ्या रविवारी माझा तोल गेला.

"शफीकभाई, तुमाले दुसरे डोये येतच नाईत का?" मी ओरडले आणि रागानं मान वर केली. समोर भिंतीवर नमुन्याचे फोटो लावलेले होते. एक पागोटेवाला अडत्या, एक नथ घातलेली म्हातारी, एक फौजेतला जवान आणि सहा महिन्यांचं एक बाळ.  "इकडं पाहा," मी म्हणाले. "या साऱ्याईले एकाच मानसाचे डोये हायेत."

त्यांना वाटलं मी अजून भांडतेच आहे. मग ते उठले. भिंग डोळ्यावर ओढून एकेका फोटोजवळ गेले. अडत्या पाहिला, म्हातारी पाहिली, जवान पाहिला. बाळाजवळ बराच वेळ उभे राहिले. परत येऊन बसले तेव्हा कुंचला रंगात घालायच्या ऐवजी त्यांनी चहात घातला आणि ते त्यांना कळलंही नाही.

"आयशा," ते म्हणाले.

आयशा त्यांची मुलगी. बायको बाळंतपणातच गेली, मुलीला वाढवलं ते त्यांच्या आईनं, हलीमाबीनं. पाच वर्षांची असताना घटसर्प झाला. घसा बंद झाला आणि शेवटचे दोन दिवस तिला बोलता येईना. ती नुसती वर बघायची. कोणी उचलून घ्यावं एवढंच तिला हवं होतं, पण डॉक्टरनं बजावलं होतं, हलवू नका, उचलू नका. त्यांनी उचललं नाही. ती तशीच वर बघता बघता गेली. हे चौपन्न सालचं.

"फोटो काढला नाई?" मी विचारलं. फोटोच्याच दुकानात बसणारा माणूस, कॅमेरा हाताशी.

"अम्मीनं काढू देला नाई. आमच्या घरी तस्वीर नसते, बाई. आगपेटीवरचा वाघ बी अम्मी नखानं खरवडून टाकते. मी जेवाच्या आंधी तीन डाव हात धुतो, तवा ताट मियते." ते आपल्या रंगलेल्या बोटांकडे पाहत होते. "अम्मीनं आयकलं हाय, तस्वीर काढनाऱ्याले कयामतीच्या दिवशी म्हनतीन, आता याच्यात जान टाक. मी मनाले समजावो, मी कुठं तस्वीर काढतो, फोटो किसनरावचा हाय, मी तं नुसते डोये उघडतो. आयशाले कागदावर आननार नाई, अशी अम्मीची कसम खाल्ली होती मी. आन् पाच साल तिलेच काढून राहिलो."

मला दया यायला हवी होती. पण माझा स्वभाव असा की घाबरले की मी आणखी तोडून बोलते. "मंग कायले करता हे काम? मेलेल्याले डोये पायजेत कायले?"

"मेलेल्याले नाई पायजेत," ते म्हणाले. "आपल्याले पायजेत. घरात आपल्याकडे पाहनारं कोनी नसलं, तं मानूस हाय का नाई हे त्याचं त्यालेच समजत नाई. मी घरी जातो तवा अम्मीचे डोये खाली असते आन् चारी भिती कोऱ्या."

थोड्या वेळानं त्यांनी ठरवल्यासारखं नाक शिंकरलं. जितके डोळे उघडले तितक्या घरी जाणार आणि सगळे बदलून देणार, म्हणाले. झालेला गुन्हा पुसायचा. सुरुवात माझ्यापासून. त्यांनी नवा कपटा घेतला आणि माझ्या तोंडाकडे पाहून चार रेघांत एक जोडी काढली. "मंगाशी तुमी चिडल्या ना," ते म्हणाले, "तवा तुमचा डावा डोया बारीक झाला."

मी कपटा हातात घेतला. त्यातून माझी आई माझ्याकडे पाहत होती. मी तिथंच जमिनीवर बसले आणि पाच महिन्यांत आलं नव्हतं ते रडू मला आलं.

पुढच्या रविवारी ते आमच्या घरी येऊन डोळे बदलणार असं ठरलं. बाबांना मी सांगितलं की रंगारी फोटो साफ करायला येणार आहे.

रविवारी दुपारी दारात टांगा थांबला. शफीकभाई रंगाची पेटी घेऊन उतरले आणि मागून हाताला धरून त्यांनी एका म्हातारीला उतरवलं. हलीमाबी. शफीकभाईंनी घरी सगळं कबूल केलं होतं आणि माफी मागितली होती. अम्मी तीन दिवस बोलली नाही आणि आज निघताना टांग्यात येऊन बसली, एवढंच त्यांनी मला दारात सांगितलं. मला वाटलं, झालं, आता ही बाई आमच्या घरात येऊन तमाशा करणार.

ती आत आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, भिंत कुठं आहे ते हातानं चाचपत होती. "भाऊ, मले दुरून दिसत नाई," ती बाबांना म्हणाली. "खाली काढून द्या."

त्या फोटोला बाबा मला हात लावू देत नसत. पण ते उठले, शाल काढली, खिळ्यावरून चौकट काढली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती नाकाला लागेल इतकी जवळ नेली. एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्यानं. ओठ हलत होते पण आवाज नव्हता. मग तिनं ती चौकट खांद्यावर घेतली. एक हात खाली, एक हात काचेच्या पाठीवर. आणि ती आमच्या त्या खोलीत चालायला लागली, चार पावलं तिकडे, चार पावलं इकडे, पाठीवर थोपटत.

"उठा लिया, बेटी," ती म्हणत होती. "उठा लिया, देख. उठा लिया."

बाबा खाटेच्या कडेवर बसले. त्यांचा हात चहाच्या कपाला लागला आणि चहा सांडला. "उचलून घ्याचं होतं व तिले," ते मला म्हणाले. "मले वाटलं, चहा पायजे."

शफीकभाई उंबऱ्यातच उभे होते. "अम्मी, दे थे इकडं. मले काम कराचं हाय."

"हात लावशीन नको."

"गुनाह हाय ना? तूच सांगे."

"हाय," हलीमाबी म्हणाली. "कयामतीले इचारलं तं तू बोलू नको. मी सांगन, मीच काढाले लावली. जाब मी देईन." मग ती माझ्याकडे वळली, म्हणजे जिथं मी असेन असं तिला वाटलं तिकडे. "बेटी, घर तुहं, माय तुही. तू म्हनशीन तसं. पन माह्या आयशाचं दुसरं काई नाई राह्यलं."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मला राग आला. सांगायला लाज वाटते, पण आला. माझी आई गेलीच होती, आता तिचे डोळेही मीच देऊन टाकायचे? चार रविवार मी ज्याच्यासाठी भांडले ते माझ्या पदराच्या गाठीत होतं. पेटी उघडायची, अर्ध्या तासाचं काम, आणि आई परत भिंतीवर येणार होती. मी बाबांकडे पाहिलं. ते चौकटीकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावरचा तो रोजचा प्रश्न निघून गेला होता.

"राहू द्या," मी म्हणाले. मग गाठ सोडून तो कपटा शफीकभाईंच्या पेटीवर फेकला. "आन् हे बी तुमीच ठेवा. मले नाई पायजे." इतकं वाईट बोलायची गरज नव्हती, पण मी बोलले आणि मागच्या दारानं बाहेर गेले.

त्या दिवसापासून बाबांनी चहा ठेवायचं सोडलं. सकाळी चौकट खाली घ्यायची, जराशी छातीशी धरायची, परत टांगायची आणि बाजारात जायचं. ते पोटभर जेवायला लागले. हलीमाबी वर्षातून दोनदा-तीनदा येई, खोलीत फिरे आणि जाई. शफीकभाईंनी कुठल्याही घरी जाऊन काही पुसलं नाही. त्रेसष्ट साली हलीमाबी वारली. तिचा फोटो अर्थातच काढला नाही. तिच्या दफनासाठी शफीकभाई दुकानातून दोनच दिवस रजेवर होते, असं किसनराव म्हणाले.

मी तो कपटा परत मागायला एकदा गेले होते. शफीकभाईंनी पेटी उलटी केली, वाट्या हलवल्या, सापडला नाही. "कुठं गेला, बाई, काय माईत," ते म्हणाले. मी रोज आरशात रागावून पाहत असे, पण मुद्दाम आणलेल्या रागानं तो डोळा बारीक होत नाही. वर्षं गेली तशी मला आईची नजर आठवेनाशी झाली. भिंतीवरचे मोठे डोळेच आधी डोळ्यांपुढे यायचे. अस्सल गेलं आणि नक्कल दुसऱ्याचीच, अशी माझी गत झाली.

सहासष्ट साली माझी बदली अकोल्याला झाली. कचेरीतल्या शकुननं पहिल्याच रविवारी जेवायला बोलावलं. तिनं ताट वाढलं, मी पाटावर बसले, घास तोंडाशी नेला आणि समोरच्या भिंतीकडे सहज पाहिलं. एका म्हाताऱ्या बाईचा रंगवलेला फोटो होता. कपाळ माझ्या ओळखीचं नव्हतं, हनुवटी नव्हती, नाकातली मोरणी नव्हती. डावा डोळा बारीक होता.

घास माझ्या हातात राहिला.

"माह्या सासूबाई, माणिकबाई," शकुन म्हणाली. "माहेर अमरावतीचं, म्हनून फोटो तिकडूनच करून आनला. डोये काई त्याईचे नाईत. थ्या तं लय गरीब होत्या. पन आमी राहू देले. घरात कोनी तरी ध्यान ठेवून राहिलं, असं वाटते."

मी घास परत ताटात ठेवला. ताट बाजूला सारलं, उठले आणि मोरीकडे गेले.

"अवं, आत्ताच तं धुतले हात," शकुन मागून म्हणाली.

"हो," मी म्हणाले आणि पुन्हा धुतले.